बेगमी : धान्याची, पैशाची आणि माणसांची

घरात रोज जे बोलणे होते ते बहुधा चार गोष्टींभोवती फिरते : कोणाकडे जावयाचे आणि कोण यावयाचे, पैसे कसे पुरवावयाचे, आज काय शिजवावयाचे आणि कोणाचे काय दुखते. नियतकालिकांतून या चार विषयांवर चार निराळे सल्लागार लिहीत असतात. आहाराविषयी लिहिणाऱ्यास घरच्या उत्पन्नाची वार्ता नसते. बचतीविषयी लिहिणारा घरात कोणास मधुमेह आहे काय हे विचारीत नाही. आणि लग्नकार्याची यादी करताना तर या दोघांचीही आठवण कोणास होत नाही. प्रत्यक्षात या चारही गोष्टींचा जमाखर्च एकाच घरात, आणि बहुधा एकाच बाईच्या डोक्यात, चाललेला असतो.

जुन्या घरांत या एकत्रित जमाखर्चास एक सुरेख शब्द होता : बेगमी. मृग लागण्यापूर्वी वर्षाची ज्वारी वाळवून, पाखडून, कडुनिंबाचा पाला घालून कणगीत भरावयाची. तूर भिजवून, वाळवून, भरडून डाळ करून ठेवावयाची. तिखट, मीठ, चिंच, हळद, सांडगे आणि पापड यांची तजवीज करावयाची. आणि हे करीत असतानाच या वर्षी कोणाचे बाळंतपण आहे, कोणती लेक माहेरी यावयाची आहे, कोणाचे लग्न निघाले आहे, याचाही अंदाज बांधावयाचा. बेगमी म्हणजे नुसता साठा नव्हे. सबंध वर्षाकडे एकदम पाहण्याची ती रीत होती. ती रीत आमच्या घरांतून कशी गेली, तिच्याबरोबर काय काय गेले आणि आजच्या दिवसांत तिचा कोणता अंश परत आणता येईल, याचा विचार आम्ही येथे आमच्या उटनूरच्या अनुभवावरून करणार आहोत.

ज्वारीचा मुलूख

उटनूर हे आदिलाबाद जिल्ह्यातील एक लहानसे गाव. जिल्ह्याच्या शहरापासून पन्नासएक किलोमीटर आत, साग आणि मोह यांच्या रानांनी वेढलेले. गोंड, कोलाम, परधान, आंध यांची ही जुनी भूमी. परधान आणि आंध यांच्या घरांत तर मराठीच बोलली जाते. निजामाच्या राज्यात हा सारा टापू एक होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार राज्यरचना झाली तेव्हा याच जिल्ह्यातील किनवट आणि राजुरा हे भाग मुंबई राज्याकडे गेले, आणि आम्ही आंध्र प्रदेशात राहिलो. २ जून २०१४ पासून आम्ही तेलंगणात आहोत, आणि ११ ऑक्टोबर २०१६ रोजी जुन्या जिल्ह्याचेही चार जिल्हे झाले. राज्ये बदलली, मात्र पोळा, अखंड हरिनाम सप्ताह आणि भाकरी या गोष्टी आमच्या घरांत टिकून राहिल्या. त्यांतील पहिल्या दोन अजूनही टिकून आहेत.

ज्वारी हे या मुलखाचे मूळ अन्न होय. १९४० नंतरच्या वर्षांत मार्लवाई येथे राहून गोंड समाजाचा अभ्यास करणारे मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनीही येथील लोकांचे मुख्य धान्य म्हणून ज्वारीचीच नोंद केली आहे. मराठी घरात तिची भाकरी आणि कण्या होत, तेलुगू घरात जोन्न रोट्टे, गटका आणि अंबली. भाषा तीन असल्या तरी कणगीतले धान्य एकच होते. तांदूळ हा सणाचा, पाहुण्याचा आणि आजाऱ्याचा.

भात रोजचा कसा झाला

हा पालट एका दिवसात झाला नाही. १९८३ साली आंध्र प्रदेशात एन. टी. रामाराव यांच्या सरकारने दोन रुपये किलो दराने तांदूळ देण्याची योजना सुरू केली. तिचे मोल कमी लेखणे हा कृतघ्नपणा होईल. श्रावण-भाद्रपदात कणगीचा तळ दिसू लागे, तेव्हा सावकाराच्या दारात धान्यासाठी उभे राहण्याचा प्रसंग या तांदळाने असंख्य घरांवरून टाळला. पुढे २०११ मध्ये तो रुपया किलो झाला. २०१५ पासून तेलंगणात माणशी सहा किलो मिळू लागला. आणि २०२५ च्या उगादीपासून तोच सहा किलो तांदूळ बारीक जातीचा आणि विनामूल्य मिळतो. आज आमच्या भागात उपाशी पोटी निजणारे घर विरळा, याचे श्रेय या योजनेस निःसंशय आहे.

त्याच काळात शेतही पालटत होते. २००२ साली बी.टी. कापसाच्या लागवडीस परवानगी मिळाली आणि काळ्या जमिनीच्या या जिल्ह्यात पांढऱ्या सोन्याचे राज्य सुरू झाले. पूर्वी ज्वारीच्या ओळींत तूर, मूग, उडीद असत. बांधाला अंबाडी असे. आता बांधापासून बांधापर्यंत कापूस आणि फार तर सोयाबीन. ज्यास अजूनही थोडी ज्वारी पेरावीशी वाटते त्याची निराळीच अडचण होते. साऱ्या शिवारात एकट्याचेच शेत कणसांवर आले की सगळ्या रानातील पाखरे त्या एका शेतावर उतरतात. दहा जणांनी पेरली असती तर दहा जणांत वाटून गेली असती ती नासाडी एकट्याच्या वाट्यास येते, आणि पुढच्या वर्षी तोही कापूसच लावतो.

अशा रीतीने शेतातून ज्वारी गेली आणि दुकानातून तांदूळ आला. धान्य फुकट मिळू लागल्यावर धान्याची बेगमी करण्याचे कारण उरले नाही. आणि धान्याच्या निमित्ताने घर जे वर्षभराचा विचार करीत असे, तो विचारही थांबला. आमच्या मते खरी हानी येथे झाली.

ज्वारीबरोबर काय गेले

ज्वारी केवळ कणीस देत नाही, कडबा देते. कडब्यावर बैल जगत, गाय जगे. गाईमुळे घरात ताक असे, आणि भाकरीबरोबर ताक घेण्यास पैसा पडत नसे. कडबा संपला तसे पुष्कळ दावणींवरचे जनावर विकले गेले. आता दूध पिशवीतून येते, आणि ते चहापुरतेच येते. तुरीच्या ओळी गेल्या आणि घरची डाळ गेली. बांधावरची अंबाडी गेली आणि तिची आंबट भाजी आठवडी बाजारात जुडीच्या भावाने घ्यावी लागली. कोवळ्या कणसांच्या हुरड्यास सोयरे-धायरे येत, तेही निमित्त संपले. उसने मागण्याची प्रथा गेली. कारण पायलीभर ज्वारी शेजारणीकडे मागता येते, पाचशे रुपये मागताना मात्र जीभ अडखळते.

याचा अर्थ ते दिवस सुखाचे होते, असा नव्हे. पहाटे जात्यावर दळणाऱ्या बाईस विचारले असता ती तसे म्हणणार नाही. कुपोषण तेव्हाही होते आणि दुष्काळात ज्वारीही मिळत नसे. आम्हांस जुने दिवस परत आणावयाचे नाहीत. परंतु एक पीक बदलले असता घराच्या किती बाजू एकदम बदलतात, हे उघड्या डोळ्यांनी पाहावयाचे आहे. कारण ज्या बाजू एकदम बिघडल्या त्या एकेकट्या सुधारणार नाहीत.

ताटाचा हिशेब

जूनमध्ये शाळा उघडल्यानंतर सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी एखादी मुलगी चक्कर येऊन खाली बसते. चौकशी केली तर ती चहा आणि दोन बिस्किटे घेऊन आलेली असते. तिच्या घरी तांदूळ नाही असे नाही. तांदूळच आहे, इतर काही नाही. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयी आढळल्या. या आकड्यातील कितीतरी जणी आमच्या वर्गांत बसलेल्या आहेत.

दुसऱ्या बाजूस तिचा बाप. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचा जो अहवाल २०२३ साली प्रसिद्ध झाला, त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख. शहरात हे प्रमाण अधिक असले तरी खेड्यांतही मधुमेही ८.९ टक्के आहेत. एकाच घरात, एकाच पातेल्यातील भात खाणारी मुलगी अशक्त आणि बाप मधुमेही, असे हे आजचे दृश्य आहे.

हैदराबादेतील राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. दिवसाला दोन हजार कॅलरी लागणाऱ्या माणसाचे ताट तिने असे सांगितले आहे : सर्व मिळून धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये अथवा अंडी-मांस ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, दूध-दही ३०० मिलिलिटर, दाणे-तीळ यांसारखी तेलबी ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम. आता आमच्या शिधापत्रिकेचा हिशेब करून पाहावा. माणशी महिना सहा किलो म्हणजे दिवसाला २०० ग्रॅम तांदूळ. धान्याच्या गरजेतील चार भाग फुकट मिळतात. पाचवा भाग विकत घेतला की धान्य पूर्ण झाले. परंतु ताटातील उरलेल्या सहा पदार्थांपैकी एकही या पिशवीत नाही. धान्यावर जे पैसे वाचले ते डाळीकडे, भाजीकडे आणि दह्याकडे वळावयास हवे होते. ते कोणीकडे वळले, हे ज्याचे त्याने आपल्या घरी तपासावे.

ज्वारी आणि पांढरा तांदूळ यांची तुलना याच संस्थेच्या अन्नकोष्टकावरून करता येते. शंभर ग्रॅम ज्वारीत प्रथिने सुमारे १० ग्रॅम, तांदळात ८. तंतू ज्वारीत १० ग्रॅम, तांदळात ३ च्याही आत. लोह ज्वारीत सुमारे ४ मिलिग्रॅम, साध्या तांदळात पाऊण मिलिग्रॅमहूनही कमी. भाताने पोट भरते पण दुपार निघत नाही, असे जुनी माणसे म्हणत. त्यामागे हे तंतूच आहेत. मात्र उष्मांक दोहोंत जवळजवळ सारखेच असल्याने चाराऐवजी सहा भाकऱ्या खाऊन कोणी सडपातळ होणार नाही. ज्वारीतील लोह शरीरास लागू पडावे म्हणून जेवणात लिंबू किंवा कच्चा टोमॅटो असावा, आणि जेवणाला लागून चहा नसावा. मधुमेह्याने भाकरी सुरू केली म्हणून गोळी सोडू नये. ते डॉक्टरांनीच ठरवावयाचे आहे.

तेव्हा आमचे म्हणणे एवढेच की एक वेळ भात आणि एक वेळ भाकरी असावी. यास काय पडते? चार माणसांच्या घरी रात्री माणशी दोन भाकऱ्या म्हटल्या तर दिवसाला अर्धा किलोच्या आत पीठ लागते. वर्षाला सुमारे पावणेदोन क्विंटल ज्वारी. २०२५-२६ च्या हंगामासाठी संकरित ज्वारीचा आधारभाव क्विंटलला ३,६९९ रुपये ठरला. त्या भावाने सबंध वर्षाची भाकरी साडेसहा हजारांच्या आत बसते. दुकानात भाव अधिक असतो हे खरे. म्हणूनच काढणीच्या दिवसांत एकदम घेऊन वाळवून ठेवणे, म्हणजेच बेगमी करणे, फायद्याचे. ज्याच्याकडे शेत आहे त्यास पाऊस नीट झाल्यास कोरडवाहू अर्ध्या एकरातही एवढी ज्वारी होते. चार-पाच शेजाऱ्यांनी लागूनच्या पट्ट्यांत पेरली तर पाखरांचे संकटही वाटून जाते, आणि कडबा पदरात पडतो तो निराळाच.

हैदराबादच्या आसमंतात ज्वारीवर काम करणाऱ्या दोन मोठ्या संस्था आहेत : राजेंद्रनगरची भारतीय भरडधान्य संशोधन संस्था आणि १९७२ साली पाटणचेरू येथे स्थापन झालेली इक्रिसॅट. २०२३ हे वर्ष तर संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले. त्या वर्षी मोठ्या शहरांतील उपाहारगृहांनी ज्वारीचे नवे पदार्थ केले. ज्वारीच्या मुलखातील घरांत मात्र तवा थंडच होता. येथे उटनूरच्याच आदिवासी भगिनींचे उदाहरण घेण्यासारखे आहे. त्यांनी मोहफुलांचे लाडू करण्याचा व्यवसाय उभारला. आश्रमशाळांतील मुलींनाही हे लाडू दिले गेले. ज्या फुलांची आठवण लोकांना केवळ दारूसाठी होई, त्यांनाच त्यांनी अन्नाच्या पंगतीत आणून बसविले.

पैशाचा हिशेब

कापूस विकला की शेतकऱ्याच्या घरी पैसा एकदम येतो, दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत. खर्च मात्र बारा महिने चालतो आणि त्याचा मोठा भाग जूनमध्ये येतो : बियाणे, खत, मुलांच्या वह्या-पुस्तके आणि पावसाळी आजार. या दोन टोकांमधील अंतर पूर्वी कणगीने भरून निघे. आता ते कर्जाने भरतात.

आमच्याकडे खाजगी कर्जाचे व्याज वर्षावर बोलत नाहीत, महिन्यावर बोलतात : शेकडा दोन रुपये, शेकडा तीन रुपये. ऐकावयास हा आकडा लहान वाटतो. शेकडा तीन म्हणजे वर्षाला ३६ टक्के. जूनमध्ये घेतलेले पन्नास हजार रुपये आठ महिन्यांनी फेडले तर व्याजच बारा हजार होते. म्हणजे जवळजवळ दोन वर्षांची भाकरी. महिला बचत गटांसाठी राष्ट्रीय उपजीविका अभियानात तीन लाख रुपयांपर्यंतच्या बँककर्जास वर्षाला ७ टक्के दर आहे. तेच पन्नास हजार, तेच आठ महिने. व्याज अडीच हजारांच्याही आत. घरातील पुरुष सावकाराकडे जातो आणि गटाची पासबुके मात्र बायकोच्या पेटीत असतात. रात्रीच्या जेवणानंतर दोघांनी दहा मिनिटे बसून बोलावे, इतकीच या साडेनऊ हजारांची किंमत.

आमचे जे वाचक इंदूर, बडोदे, हैदराबाद अथवा बंगळूर येथे नोकरी करतात त्यांना हे दूरचे वाटेल. परंतु पगार येण्यापूर्वीच हप्त्यांत वाटला गेला असेल तर त्यांचीही स्थिती तीच. शेतकऱ्याने जून महिन्याची बेगमी करावी, नोकरदाराने जूनच्या शालेय शुल्काची आणि विम्याच्या हप्त्याची. भिशी असो, आमच्याकडची चिट्टी असो वा टपालातील आवर्ती ठेव असो, मार्ग कोणताही घ्यावा. मात्र चिट्टी नोंदणी झालेली आहे की नाही हे पाहूनच पैसे घालावेत. चिट फंडांसाठी १९८२ पासून कायदा आहे, आणि नोंदणी नसलेल्या ठिकाणी बुडालेला पैसा परत मिळविणे फार कठीण असते.

माणसांचा हिशेब

लग्न, बारसे, वास्तुशांत आणि वर्षश्राद्ध यांचा खर्च आम्ही अचानक आलेला समजतो. वास्तविक लग्नाच्या वयाची मुले कोणाच्या घरी आहेत हे सर्व सोयऱ्यांना ठाऊक असते. जुन्या घरांत आहेराची वही असे. कोणी किती आहेर केला हे तीत लिहून ठेवीत, कारण आहेर हे एक प्रकारचे बिनव्याजी कर्जच, आपल्या पाळीस फेडावयाचे. त्या वहीत पुढील वर्षाच्या कार्यांचे एक पान घालावे. कोठे सर्वांनी जावयाचे, कोठे एकाने, कोठे नुसता फोन पुरे, हे आधी ठरले की रुसवे कमी होतात आणि उसनवारीही. जेवणावळीत चार गोड पदार्थांऐवजी एक गोड, एक उसळ आणि ताक ठेवणाऱ्या यजमानास आज थोडे धैर्य लागते. ते धैर्य दोन प्रतिष्ठित घरांनी दाखविले की गावात रूढ होते.

भेटीगाठींच्या बाबतीत मात्र काळ आमच्या भगिनींना अनुकूल झाला आहे. ९ डिसेंबर २०२३ पासून तेलंगणातील स्त्रियांना राज्याच्या हद्दीत पल्लेवेलुगु आणि एक्सप्रेस बसमधून विनामूल्य प्रवास आहे. आणि १७ मार्च २०२३ पासून महाराष्ट्राच्या एस.टी.त स्त्रियांना अर्धे तिकीट. आमच्या पुष्कळ घरांच्या लेकी-सुनांची माहेरे किनवट, यवतमाळ, चंद्रपूर या बाजूस आहेत. सीमेपर्यंत फुकट आणि पुढे एस.टी.त अर्ध्या भाड्यात, असा हा माहेरचा रस्ता कधी नव्हे इतका स्वस्त झाला आहे. आता अडचण भाड्याची नाही, सवडीची आहे. सुनेच्या माहेरच्या चार दिवसांचीही बेगमी घराने करावी. त्या दिवसांत चूल कोणी पेटवावयाची हे आधीच ठरवावे. जी बाई वर्षातून दोनदा आईशी पोटभर बोलून येते तिला औषधे कमी लागतात, असे आमचे निरीक्षण आहे. त्यास कोणत्याही पाहणीचा आधार नाही, पण वाचक भगिनी ते खोटे म्हणणार नाहीत.

शरीराचा हिशेब

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाने आठवड्यास किमान दीडशे मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, त्याखेरीज दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायामही असावा. मुलांना रोज साठ मिनिटे हालचाल हवी. दीडशे मिनिटे म्हणजे पाच दिवस अर्धा तास भरभर चालणे. आमच्यासारख्या नोकरदारास, दुकानदारास आणि ज्याचे शेत आता ट्रॅक्टर व मजूर करतात त्या जमीनदारास हे लागू आहे. दोन फर्लांगांवर जाण्यासही मोटारसायकल काढणारे गृहस्थ सकाळी चालण्याच्या व्यायामासाठी पुन्हा मोटारसायकलनेच मैदानावर जातात, हे उटनूरचेच नव्हे, सर्व गावांचे चित्र आहे. उन्हाळ्यात आमच्याकडे सकाळी सातच्या आत चालणे उरकावे. नंतर ऊन चालू देत नाही.

परंतु जी बाई दिवसभर वाकून कापूस वेचते, पाणी भरते आणि सर्वांच्या शेवटी जेवते, तिला व्यायाम सांगणे ही थट्टा होय. अशक्त बाईस व्यायाम सांगण्यापूर्वी जेवण सांगावे, आणि जेवण सांगण्यापूर्वी तिच्यासाठी ताटात उरेल असे पाहावे. घरातील सर्वांनी एकाच वेळी जेवावयास बसणे, ही आमच्या मते आरोग्याची पहिली आणि बिनखर्चाची सुधारणा आहे.

आमच्या मुलखातील माणसांना चालणे आणि नाचणे शिकवावे लागत नाही. केस्लापूरच्या नागोबाच्या जत्रेपूर्वी मेसराम कुळाचे लोक जन्नारमच्या बाजूने गोदावरीचे पाणी पायी घेऊन येतात. दिवाळीत दंडारीचे मेळे गावोगाव जातात, आणि मोरपिसांचे मुकुट घालून गुस्साडी नाचतात. मार्लवाईचे कनक राजू यांस याच नृत्यासाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली. २०२४ मध्ये ते निवर्तले. तेलुगू भगिनींची बतुकम्मा नऊ दिवस फेर धरते, आमची मंगळागौर रात्रभर फुगड्या घालते. यांत पाहुणचार, व्यायाम आणि आनंद निरनिराळे काढून दाखविता येणार नाहीत. हे खेळ व्यासपीठावर बसून पाहण्याचे झाले की त्यांतील व्यायाम संपतो, करमणूक तेवढी उरते.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा रक्तदाब आणि रक्तातील साखर तपासून घ्यावी. सरकारी आरोग्य केंद्रात हे विनामूल्य होते. त्याचे आकडे घरच्याच वहीत, पैशांच्या आकड्यांशेजारी लिहावेत.

एक वही, एक संध्याकाळ

हे सर्व करावयाचे केव्हा? आम्ही एक मुहूर्त सुचवितो : तुळशीच्या लग्नाच्या आदली संध्याकाळ. कापसाचा पहिला पैसा तोवर हाती येऊ लागतो आणि लग्नसराई अजून सुरू व्हावयाची असते. पैसा आला आहे आणि खर्च झालेला नाही, असा वर्षातील हा एकच काळ. नोकरदारांनी हीच संध्याकाळ आपल्या सोयीने घ्यावी. घरातील सर्वांनी बसावे. सुनेने बसावे आणि दहावीतल्या मुलीनेही बसावे, बेरीज तिनेच करावी. एका वहीत चार पाने : वर्षाचे धान्य, डाळ आणि तेल, जूनचा खर्च आणि देणी, कार्ये आणि माहेरपणे, औषधे आणि तपासण्या. एका पानावर आकडा वाढला की दुसऱ्या पानावर तो कोठून कमी झाला, हे चारही पाने एकत्र असल्यामुळेच दिसते. जेवणावळीची एक गोड पंगत कमी केली तर वर्षाची डाळ भरते. सावकाराचे आठ महिने टळले तर दोन वर्षांची भाकरी निघते. हे कोणत्याही सल्लागाराने सांगावे लागत नाही. वही उघडली म्हणजे पुरे.

सरकार तांदूळ देते, बस देते, गटास कर्ज देते. त्याचा लाभ अवश्य घ्यावा. परंतु वर्षाकडे एकदम पाहण्याचे काम सरकार कोणाच्याही घरी येऊन करीत नाही. ते पूर्वी आमच्या आज्या-पणज्यांनी केले, अक्षरओळख नसताना केले. आमच्या घरांत आता पदवीधर आहेत, आणि जूनच्या प्रार्थनेत चक्कर येणारी मुलगीही आमच्याच घरांतून येते. येत्या जूनमध्ये तिने ताठ उभे राहावे, एवढ्यासाठी तरी ही एक संध्याकाळ काढण्यासारखी आहे.